गोव्याची गाडी, नाशिकचा क्लच

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'उद्योजकतेतून यश' असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, भोसरी एमआयडीसीत पाच माणसांचं टूलरूम चालवतो. त्यात उद्योजकता किती आणि यश किती, हे माझ्या बँकेच्या मॅनेजरला विचारा. त्यापेक्षा आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या गाडीचा क्लच कसा बसवला ते सांगतो. जेवणानंतरची वेळ आहे, झोप लागली तर गिअरबॉक्सच्या आवाजाने तरी जागे व्हाल. त्या मित्राने नाव घ्यायचं नाही अशी अट घातली आहे. पण तुमच्या माना त्याच्याकडे वळल्या आहेत, तेव्हा ती अट पाळण्यात काही अर्थ उरलेला नाही.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. दोन माणसांची, दोन दारांची, छत उघडणारी. बऱ्याच जणांना ती परदेशी वाटते. चौकात लोक विचारतात, "शेठ, दुबईहून आणली का?" गाडी गोव्यात बनलेली आहे. सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास ती बाजारात आणली. आराखडा फ्रान्समधल्या ले मान्स ग्रुपचा, अंग फायबरग्लासचं, आणि पुढे रेनोचं १,१४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. ताकद साधारण ६० अश्वशक्ती. आता ६० अश्वशक्तीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर आमच्या मित्राशी वाद घालू नका. गाडी हलकी आहे, जमिनीला चिकटून चालते, आणि छत उघडून आळंदी रस्त्याला लागलं की ४० चा वेगसुद्धा ८० वाटतो. मुळातच थोड्या बनल्या आणि आता रस्त्यावर क्वचितच दिसतात.

आमच्या मित्राची गाडी २००३ च्या नोंदणीची. ती त्याने कंपनीत असताना, ओव्हरटाइमच्या पैशांतून, जुन्या मालकाकडून घेतली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि मग दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याची २०१८ ला एकदा वाढवून झाली होती, पुढची २०२३ ला होती. मधल्या काळात त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरात मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण. गाडी शेडमध्ये उभी. मुदत संपायला दोन महिने राहिले असताना त्याने ती काढली आणि मेहुण्याकडे निघाला. खेड घाटात इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी काही पुढे जाईना. पाय दाबेल तितका आवाज वाढतो, वेग मात्र उतरतो. वर करपलेला वास. परत येताना उतार होता म्हणून गाडी मोशीपर्यंत आली, इतकंच.

याला आपण क्लच स्लिप होणं म्हणतो. ज्यांनी गाडी फक्त चालवली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या लहानपणीची पिठाची गिरणी आठवा. मोटर चालूच असायची. शाफ्टवर दोन पुल्या शेजारी-शेजारी, एक मोकळी फिरणारी, एक पक्की. गिरणीवाला काठीने पट्टा मोकळ्या पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकवायचा आणि जातं फिरायला लागायचं. एकदम सरकवला तर पट्टा उडायचा, म्हणून तो हळूहळू सरकवायचा. क्लच हेच काम करतो, फक्त पट्ट्याऐवजी तिथे एक गोल प्लेट आहे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, म्हणजे जड लोखंडी चकती. तिच्यावर प्रेशर प्लेट बोल्टने पक्की. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट सँडविचसारखी दाबलेली. क्लच प्लेटच्या मधल्या भोकाला आतून दाते असतात, ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतात. पेडल दाबलं की वायर खेचली जाते, फोर्क हलतो, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देतं आणि सँडविच सैल होतं. पेडल सोडलं की पुन्हा घट्ट. प्लेटवरचं लाइनिंग झिजलं की घट्ट होऊनही ती घसरते. घाटात घसरली ती अशी.

एवढं झालं तर गाडीचं काही बिघडलं असं मानायचं कारण नाही. क्लच प्लेट झिजण्यासाठीच असते, चपलेच्या तळासारखी. कुठलीही चालू मॉडेलची गाडी असती तर सकाळी गॅरेजला आणि संध्याकाळी घरी. इथे अडचण दुसरीच होती. या गाडीचा क्लच सेट मागायला कुठल्या दुकानात जायचं?

आमचा मित्र आधी एका मोठ्या चकचकीत वर्कशॉपमध्ये गेला. तिथल्या मुलाने संगणकात नाव टाकलं, मग पुन्हा टाकलं, आणि म्हणाला, "सर, ही गाडी सिस्टिममध्ये नाही." मित्र म्हणाला, "अरे, ती बाहेर टेम्पोवर उभी आहे." पण सिस्टिममध्ये नाही म्हणजे नाही. दुसऱ्या एकाने परदेशातून मागवून देतो म्हटलं. क्लच सेट, विमानाचं भाडं आणि कस्टम ड्युटी धरून ३१ हजार, मजुरी वेगळी, पैसे आगाऊ, आणि माल चुकीचा आला तर परत घेणार नाही. तिसऱ्याने, तो भंगारवाला होता, गाडी आहे तशी २५ हजारांना मागितली. म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. वहिनींचं म्हणणं होतं की देऊन टाका. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. घर त्या चालवत होत्या.

तेव्हा तो माझ्याकडे आला. मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. मी साचे बनवतो, माप घेतो, माप देतो. पण मोशीत गिअरबॉक्सचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, आणि आमची जुनी ओळख. उस्तादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "फ्रेंच दिसतंय. बसंल काहीतरी. पण बसणं येगळं आन् चालणं येगळं."

लाइनिंग मारून घेणं हाही एक रस्ता होता. जुन्या प्लेटचं झिजलेलं लाइनिंग काढून नवीन रिव्हेटने बसवून देणारे कारागीर अजून आहेत, ट्रक-ट्रॅक्टरच्या प्लेटा त्यांच्याकडे रोज येतात. पण इथे प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या आणि प्रेशर प्लेट उष्णतेने निळी पडली होती. नुसतं लाइनिंग मारणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला नवी बटणं लावण्यासारखं झालं असतं.

मग एकच प्रश्न उरला. या गाडीचा नातेवाईक कोण?

इथे जरा आडवळणाने जातो. आपल्याला वाटतं, एका गाडीचे सगळे भाग त्या गाडीसाठीच बनलेले असतात. तसं कधीच नसतं, आणि छोट्या कंपन्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. क्लच प्लेट, गिअरबॉक्स, दिवे, कुलूप यांचे साचे काढायला इतका पैसा लागतो की शे-दोनशे गाड्यांसाठी ते परवडत नाही. हे मी साचे बनवणारा माणूस म्हणून खात्रीने सांगतो. म्हणून मोठमोठे लोकही उसनवारी करतात. इंग्लंडच्या लोटस कंपनीने १९६६ साली युरोपा नावाची स्पोर्ट्स कार काढली, तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स रेनो १६ या घरगुती गाडीचे, फक्त उलटे फिरवून सीटच्या मागे बसवलेले. जॅग्वारची एक्सजे २२० ही एके काळी जगातल्या सगळ्यांत वेगवान गाड्यांपैकी एक, तिचे मागचे दिवे साध्या रोव्हर २०० चे. ॲस्टन मार्टिन डीबी ७ चे मागचे दिवे माझदा ३२३ चे. आणि लांब कशाला, आपल्या कुर्ल्याला प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली ती आठवते? अंग फियाट १२४ चं, इंजिन निसानचं. नावातलं एनई म्हणजे निसान इंजिनच. दिलीप छाब्रियांची अवंती २०१२ च्या ऑटो एक्स्पोत मांडली होती, तिच्यातही रेनोचंच इंजिन. थोडक्यात, दिसायला कितीही राजेशाही गाडी असली तरी तिचं कुणीतरी चुलत भावंड भाजी आणायला जात असतं.

सॅन स्टॉर्मचं घराणं रेनोचं. तिचं इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या छोट्या गाड्यांत होतं. त्या गाड्या इकडे आल्या नाहीत. पण २००७ मध्ये महिंद्रा आणि रेनोने मिळून लोगन आणली आणि ती बनत होती आपल्या नाशिकला. पुढे भागीदारी सुटली, २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो नावाने विकली जाऊ लागली. लोगनचं १.४ लिटरचं पेट्रोल इंजिन रेनोच्याच जुन्या कुळातलं, आणि तिचा गिअरबॉक्स क्लिओच्या गिअरबॉक्सचा पुढचा अवतार. म्हणजे भाऊबंदकी आहे. आता भाऊबंदकी असली म्हणजे वाटणी जमेलच असं नाही, हे मोशीकरांना मी काय सांगावं!

ताकदीचा हिशेब आधी केला, कारण तो कागदावरच होतो. सॅन स्टॉर्मच्या इंजिनाचा पीळ साधारण ९३ न्यूटन-मीटर. लोगन १.४ चा ११०. म्हणजे लोगनचा क्लच जास्त पीळ सहन करायला बनलेला आहे, त्याला आपलं इंजिन हलकंच जाईल. हिशेब उलटा असता, म्हणजे मोठ्या इंजिनाला छोट्या गाडीचा क्लच, तर मी तिथेच हात जोडले असते. पण जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. लोगनच्या १.५ डिझेलचा पीळ १६०. त्याचा क्लच मोठा आणि स्प्रिंग कडक. तो कसाबसा बसवला तरी पेडल जड होणार आणि वायर तुटणार. ही गोष्ट महत्त्वाची अशासाठी की लोगन आणि व्हेरिटो टॅक्सीत खूप चालल्या, त्या बहुतेक डिझेलच्या. दुकानात "लोगनचा क्लच द्या" म्हटलं की दुकानदार डोळे झाकून डिझेलचा काढतो. आमच्यासमोर तीन दुकानांत तसंच झालं.

आता मापं. सर इथे समोर बसले आहेत म्हणून सांगतो, आठवीत टेक्निकलच्या तासाला सरांनी आम्हाला व्हर्नियर धरायला शिकवलं. एका व्हर्नियरमागे सहा मुलं. 'आधी शून्य तपास, मग माप घे,' असं सर म्हणायचे, आणि शून्य न तपासता माप घेतलं की पट्टीचा आवाज व्हायचा, तो हाताच्या पंज्यावर. आज माझ्याकडे डिजिटल आहेत, पण शून्य तपासल्याशिवाय मला अजून माप घेता येत नाही.

उस्तादांनी गिअरबॉक्स उतरवला. या गिअरबॉक्सची एक खोड आहे, डाव्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट काढला की गिअर ऑइल खाली येतं. उस्तादांना ते ठाऊक होतं, त्यांनी आधीच परात लावली होती. प्लेट बाहेर आली. लाइनिंग इतकं झिजलेलं की रिव्हेटची डोकी फ्लायव्हीलला घासून चमकत होती. आतल्या काळ्या धुळीवर पोऱ्या हवेचा पाइप मारायला निघाला, त्याला उस्तादांनी हटकलं. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते हवेने उडवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. तुमच्यापैकी कुणाची गॅरेजं असतील तर एवढं मात्र पाळा.

मग मी पट्टी घेऊन बसलो. प्लेटचा बाहेरचा व्यास १८० मिलिमीटर. नेहमीचा १५० चा व्हर्नियर इथे पुरत नाही, ३०० चा लागतो. मधल्या भोकाचे दाते २६. ते मोजताना एका दातावर खडूची खूण करायची, नाहीतर माणूस २५ आणि २७ च्या मध्ये दिवसभर फिरतो. पण नुसती संख्या जुळून भागत नाही. दाते तेवढेच असून त्यांची जाडी वेगळी असू शकते. तेव्हा खरी परीक्षा एकच, प्लेट शाफ्टवर सरकवून बघायची. नवा सेट विकत घेऊन, डबा फोडून, शाफ्टवर घालून बघितला आणि बसला नाही, तर दुकानदार परत घेत नाही. घेऊही नये.

म्हणून आम्ही कुदळवाडीला गेलो. आज तिथे गेलात तर ते दुकान सापडणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बांधकामं पाडली. त्याचं बरं-वाईट बोलण्याची ही जागा नाही. पण तेव्हा तिथे गल्लीच्या गल्ली जुन्या मालाची होती, आणि कुठल्या ढिगात काय आहे हे तिथल्या माणसांना पाठ असे. आम्ही लोगन पेट्रोलची झिजलेली क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट मागितली. झिजलेलीच हवी म्हटल्यावर तो माणूस आमच्याकडे बघतच राहिला. "साहेब, लोक चांगली मागतात." अर्ध्या तासाने ढिगातून जोडी निघाली. ३०० रुपये. माझ्या मते सगळ्या प्रकरणातले सगळ्यांत शहाणपणाचे पैसे हेच.

त्या रात्री शेडमध्ये ती प्लेट उस्तादांनी शाफ्टवर ठेवली. फिरवून दाते जुळवले आणि बोटाने ढकलली. सरकली. कुठे अडकली नाही, डुगडुगलीही नाही. आमचा मित्र तेवढ्यावरच पेढे आणायला निघाला होता, त्याला थांबवलं, कारण उस्ताद म्हणाले होते तसं, बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

दाते जुळल्यावर आणखी चार ठिकाणं बघायची होती. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला ज्या बोल्टांनी लागते त्यांची भोकं. समोरासमोरच्या दोन भोकांचं अंतर मोजलं, मग शेजारच्या दोघांचं, आणि जागेवर आणणाऱ्या पिनांचं. जुळलं. मग प्लेटचा मधला फुगवटा. दोन्ही बाजू सारख्या नसतात, एका बाजूला स्प्रिंगांचा उंचवटा जास्त असतो. तो फ्लायव्हीलच्या मधल्या बोल्टांना घासता कामा नये. बोल्टांच्या डोक्यावर मळलेल्या कणकेची गोळी ठेवली, हो, घरातली कणीक, वहिनींनीच दिली. प्लेट दाबून काढली आणि चपटी झालेली कणीक मोजली. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट होती. पुरे.

तिसरं ठिकाण प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची, आणि इथेच बहुतेक जुगाड फसतात. बोटं जुन्यापेक्षा उंच किंवा खाली असली तर रिलीज बेअरिंगला जिथे भेटायचं तिथे ती भेटत नाहीत. मग एकतर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर पडताना किरकिर होते, नाहीतर बेअरिंग सतत घासत राहतं आणि महिन्यात जळतं. बोटांची उंची मोकळ्या प्रेशर प्लेटवर मोजून उपयोग नाही, कारण प्लेट आवळली की बोटं हलतात. म्हणून माझ्या टूलरूममधल्या सरफेस प्लेटवर सारख्या जाडीचे तुकडे ठेवून दोन्ही प्रेशर प्लेटा आवळल्या, एक गाडीतली आणि एक भंगारातली, आणि डायल गेजने दोन्हींची बोटं मोजली. फरक निघाला ०.६ मिलिमीटर. दोन्ही झिजलेल्या असल्याने एवढा फरक धरून चालतो, आणि क्लच वायरच्या नटावर त्याहून कितीतरी जास्त फेरफार करता येतो. तेव्हा हेही जुळलं. चौथं, रिलीज बेअरिंग. ते नळीवर मोकळं सरकलं पाहिजे आणि फोर्कमध्ये नीट अडकलं पाहिजे. तेही तपासलं.

मगच नवा सेट घेतला. लोगन पेट्रोल १.४, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून ५,४०० रुपये. डब्यावरचा नंबर दुकानदाराकडून तीन वेळा वाचून घेतला. घरी आणल्यावर नव्या सेटचीही मापं पुन्हा घेतली, कारण भंगारातली जोडी म्हणजे फक्त साक्षीदार, आरोपी नवाच.

बाकीचं काम नेहमीचं होतं, भराभर सांगतो. फ्लायव्हीलवर निळे डाग होते, ते लेथवर अगदी हलकं फेसिंग करून काढले. जास्त कापलं की पुन्हा सगळी उंची बदलते. प्लेट बरोबर मध्यभागी बसावी म्हणून एक लाकडी-पितळी ठोकळा वळवून घेतला. तो नसला तर गिअरबॉक्स परत चढवताना शाफ्ट आत जात नाही, आणि मग लोक वैतागून गिअरबॉक्स बोल्टनेच ओढून घेतात आणि नव्या प्लेटचा गाभा मोडतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, अर्ध्या-अर्ध्या आट्याने आवळले. गिअरबॉक्स खाली आहेच तर क्रँकच्या मागचं ऑइल सीलही बदललं. सीलला गाडीचं नाव लागत नाही बरं का. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी, तीन आकडे दिले की पेठेतला दुकानदार काढून देतो. बेअरिंगचंही तसंच. ६२०३ म्हटलं की आत १७, बाहेर ४०, जाडी १२, मग ते पंपात लावा नाहीतर गाडीत. निम्म्या गाड्या 'पार्ट मिळत नाही' म्हणून भंगारात जातात, तेव्हा पार्टचं नाव मिळत नसतं, माप मिळत असतं.

गाडी सुरू केली तेव्हा सगळे शेजारी जमले होते. पहिला गिअर आवाज न करता पडला. उस्तादांनी हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडून बघितला. इंजिन गपकन बंद पडलं. न जाणाऱ्याला हे अपशकुनी वाटेल, पण प्लेट धरते आहे याची खूण हीच. घसरत असती तर इंजिन चालूच राहिलं असतं. पहिले काहीशे किलोमीटर घाट नाही, ओढाताण नाही, असं ठरवलं आणि आमच्या मित्राने ते पाळलं, जे त्याच्याकडून मला अपेक्षित नव्हतं.

आरटीओची चिंता होती. क्लच बदलण्याने इंजिन नंबर, चासी नंबर, आसनं, इंधन यांपैकी काहीच बदलत नाही. कायद्याचं कलम ५२ आहे ते नोंदणीच्या कागदावरच्या बाबी बदलण्याबद्दल. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच कामाचा भाग लावणं वेगळं. तरी आम्ही बिलं बरोबर ठेवली. आता आपलं आरटीओ मोशीतच आहे, नाहीतर तेवढ्यासाठी लांब जावं लागलं असतं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी दिवे, ब्रेक, हॉर्न, धूर सगळं पाहिलं, चासी नंबर घासून घेतला आणि मग विचारलं, "एक चक्कर मारू का?" मुदतीच्या नऊ दिवस आधी काम झालं. २०२८ पर्यंत गाडी कायद्याने जिवंत आहे.

एकूण हिशेब: क्लच सेट ५,४००, फेसिंग ६००, गिअर ऑइल, सील आणि वायरचं किरकोळ १,५००, कुदळवाडीचे ३००, उस्तादांची मजुरी ६,०००. एकूण १३,८००. माझ्या टूलरूमचं बिल लावलं नाही, त्याऐवजी मित्राने मला गाडी एक दिवस चालवायला द्यायची ठरली होती. अजून दिलेली नाही. हे सगळ्यांसमोर मुद्दाम सांगतो आहे.

हे ऐकून कुणी घरी जाऊन कुठल्याही गाडीचं काहीही कशालाही लावू नका. क्लच फसला तर गाडी रस्त्यात उभी राहते, फार तर मागच्यांच्या शिव्या खाव्या लागतात. ब्रेक आणि स्टिअरिंगचं तसं नाही. त्याच मित्राने नंतर मला पुढचे ब्रेक दुसऱ्या गाडीचे बसतील का म्हणून विचारलं. मी मापसुद्धा घेतलं नाही. त्याच्या डिस्क अजून चांगल्या आहेत, पॅड मिळतात. ज्या दिवशी मिळणार नाहीत त्या दिवशी बघू, आणि तेव्हाही आधी अशा माणसाला विचारू ज्याचं पोट ब्रेकवर चालतं.

तेव्हापासून गाडी चार हजार किलोमीटरच्या वर चालली आहे. पेडल आधीपेक्षा थोडं वर धरतं, एवढाच फरक. नागेश्वर महाराजांच्या यात्रेत, गर्दीत पहिल्या गिअरमध्ये रांगत नेली तरी वास आला नाही. गेल्या पावसाळ्यात एक अनोळखी गृहस्थ मित्राकडे आले, त्यांच्याकडेही सॅन स्टॉर्म आहे आणि क्लच गेलेला. मापांचा कागद मी गाडीच्या खणात ठेवून दिला होता, त्याची झेरॉक्स त्यांना दिली, आणि भंगारातली ती जोडीही नेऊन आधी स्वतःच्या शाफ्टवर घालून बघा म्हणून सांगितलं. ती त्यांनी परत आणून दिली, शिवाय किलोभर काजू.

जुनी जळलेली क्लच प्लेट सरांनी शाळेच्या वर्कशॉपसाठी मागितली आहे. नव्या मुलांना दाते मोजायला बरी. सर, मी ती आणली आहे, माझ्या खुर्चीखालच्या पिशवीत आहे. तिला अजून ग्रीस आहे, तेव्हा तेवढी वर्तमानपत्रात गुंडाळूनच न्या.